० ते १० व्होल्टवरून पीडब्ल्यूएम: टीएल४९४ वापरताना या चुका टाळा

पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) ० ते १० व्होल्ट सिग्नलवर २४ व्होल्टच्या डीसी मोटरचा वेग बदलायचा असेल, तर टीएल४९४ हा पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून वेग बदलणारा) आयसी आजही चांगला पर्याय आहे. सर्किट नीट चालले नाही की आयसी बदलला जातो. पण दोष बहुधा पिन ३ वरच्या व्होल्टेजच्या हिशेबात असतो.

ही पिन उलटी चालते. व्होल्टेज वाढले की पल्स अरुंद होतो. कामाची रेंज साधारण ०.५ ते ३.५ व्होल्ट. सिग्नल नुसत्या डिव्हायडरने तिथे दिला, तर शून्यावर मोटर पूर्ण वेगाने सुटते. म्हणून मध्ये एलएम३५८ या ऑप-अॅम्पचा इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा करणारा) अॅम्प्लिफायर घाला: इनपुटला ५१ के चे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, फीडबॅकला ३० के, आणि नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला पिन १४ च्या ५ व्होल्टवरून १० के प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). दोन ५१ के च्या जोडावरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावला की केबलमधून येणाऱ्या नॉइजमुळे पल्सची रुंदी थरथरत नाही.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे हा एलएम३५८ ५ व्होल्टवर चालवणे. त्याचे आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबते, म्हणजे ३.५ वर. डेटाशीटनुसार पल्स पूर्ण बंद होण्याची पातळी मात्र साधारणपणे ४ आणि जास्तीत जास्त ४.५ व्होल्ट आहे. परिणामी सिग्नल शून्य असूनही मोटर गुणगुणत राहते. १२ व्होल्ट द्या. मग सिग्नल शून्यावर ठेवून, सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) पल्स नाहीसा होईपर्यंत प्रीसेट फिरवा आणि पिन ३ आणखी ०.२ व्होल्ट वर न्या.

हे ०.२ व्होल्ट वायर तुटल्यावर उपयोगी पडतात. इनपुट मोकळे राहिले तर एलएम३५८ फॉलोअर बनतो (प्रीसेटचेच व्होल्टेज पुढे देतो), पिन ३ वरचे व्होल्टेज जवळपास एक व्होल्टने घसरते आणि मोटर आपोआप फिरू लागते. मशीनवर काम करणाऱ्याच्या हाताला धोका इथेच आहे. सिग्नल टर्मिनलवरून ग्राउंडला १० के लावलाच पाहिजे. मग घसरण ०.१ व्होल्टच्या आत राहते आणि त्या ०.२ व्होल्टमध्ये सामावते.

टीएल४९४ मधले न वापरलेले एरर अॅम्प्लिफायर मोकळे सोडू नका. पिन १ आणि १६ ग्राउंडला, २ आणि १५ पिन १४ ला. नाहीतर ते पिन ३ वर ओढतात आणि पल्स मधूनच गायब होतात. पिन १३ ग्राउंडला हवी. ती ५ व्होल्टला गेली आणि एकच आउटपुट वापरले, तर ड्युटी (पल्स चालू असण्याचे प्रमाण) ५० टक्क्यांच्या आतच अडकते. पिन ५ ला १ नॅनोफॅरड आणि पिन ६ ला ५६ के लावले की सुमारे १९.६ किलोहर्ट्झ मिळतात.

मोटर चालू-बंद करणारा मॉसफेट तापतो का? आउटपुट एमिटरवरून घेऊन गेट फक्त १ के ने ग्राउंड केला, तर तो चटकन चालू होतो पण बंद व्हायला वेळ घेतो. सीआरओवर गेटची उतरती कड तिरकी दिसेल. मध्ये टीसी४४२० ड्रायव्हर घाला आणि त्याच्या सप्लाय पिनजवळ १ मायक्रोफॅरड सिरॅमिक. टीसी४४२९ घेऊ नका, तो इन्व्हर्ट करतो. ड्रायव्हरला १२ व्होल्टच द्या; आयआरएफझेड४४एन च्या गेटची मर्यादा २० व्होल्ट आहे, २४ व्होल्टने तो जातो.

मोटरवर १एन४००७ डायोड चालणार नाही. या फ्रिक्वेन्सीला तो वेळेत बंद होत नाही आणि प्रत्येक पल्सला मॉसफेटमधून करंटचा झटका जातो. मोटरच्या करंटला पुरणारा शॉटकी डायोड लावा, उदाहरणार्थ १६ अॅम्पिअर, ४५ व्होल्टचा एमबीआर१६४५.