चालू सर्व्हरवर डीबगर लावण्याआधी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी प्रॉडक्शनच्या (खरे ग्राहक वापरत असलेल्या) प्रोसेसला थेट जीडीबी हा डीबगर जोडला. ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लागला, प्रोसेस जागीच थिजली. हेल्थ चेकला (सर्व्हर जिवंत आहे का, या चौकशीला) उत्तर मिळेना, म्हणून रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने तो सर्व्हर बाद केला आणि भार बाकीच्यांवर पडला. बग सापडला नाहीच. बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती.

कॉलेजात हाताळलेली बरीच हत्यारं इथे जड पडतात. मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्रिंडचं मेमचेक प्रोग्राम १० ते ५० पट मंद करतं. सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) टिपणारं एसट्रेस निरुपद्रवी वाटतं, पण अशा प्रत्येक कॉलला ते प्रोसेस दोनदा अडवतं, आत जाताना आणि बाहेर येताना.

म्हणून सगळं बघायचा हट्ट सोडायचा आणि मधूनमधून डोकावायचं. सॅम्पलिंग प्रोफायलर हेच करतो. मी पर्फ हा लिनक्सचा प्रोफायलर ९९ हर्ट्झवर (सेकंदाला ९९ वेळा) ३० सेकंद चालवतो. पूर्ण राबणाऱ्या एका कोअरमागे जवळपास ३,००० स्टॅक (त्या क्षणी कुठलं फंक्शन कुणी बोलावलं याची साखळी) मिळतात. १०० का नाही? दर १० मिलिसेकंदांनी होणाऱ्या एखाद्या कामाशी ठेका जुळला, तर चित्र खोटं येतं. हे स्टॅक फ्लेम ग्राफमध्ये बघायचे. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये काढलेली ही युक्ती. त्यात रुंदी महत्त्वाची: पट्टी जितकी रुंद, तितक्या जास्त स्टॅकमध्ये ते फंक्शन. डावी-उजवी बाजू म्हणजे काळाचा क्रम नव्हे; मी कित्येक दिवस तसंच वाचत होतो!

पण सीपीयू निवांत आणि तरी रिक्वेस्ट रखडलेल्या, असं असेल तर सीपीयूवर चाललेलंच दाखवणारा हा ग्राफ मुका. आमच्या एका जावा सेवेचं तेच झालं. मी दहा-दहा सेकंदांनी जेस्टॅक या हत्याराने तीन थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठे आहे याची नोंद) घेतले. तिन्हींत बहुतेक थ्रेड एकाच लॉकपाशी (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपापाशी) ताटकळलेले, आणि लॉक ज्याच्या हातात तो प्रत्येक वेळी लॉग फाइलमध्ये लिहितोय. कुणीतरी लॉगिंग डीबग या भरमसाट लिहिणाऱ्या पातळीवर ठेवून विसरलं होतं आणि डिस्क संथ होती. (तो कुणीतरी मीच निघालो.)

तयारी मात्र बिल्डच्या वेळीच हवी. सी किंवा सी++ असेल तर फ्रेम पॉइंटर (स्टॅकची साखळी उलगडायला लागणारा दुवा) ठेवा, नाहीतर पर्फचे स्टॅक अर्धवट तुटतात. फेडोरा ३८ पासून आणि उबुंटू २४.०४ पासून या लिनक्स डिस्ट्रोंची पॅकेजेस तशीच बांधली जातात. प्रत्येक रिलीजचे डीबग सिंबॉल्सही (पत्त्यांना फंक्शनची नावं देणारी माहिती) जपून ठेवा. मध्यरात्री कोअर डंप (कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीची प्रत) हातात आहे आणि आत नुसते हेक्स पत्ते, असं मी एकदा भोगलंय.