रिइश्यू एलपी (जुन्या अल्बमची नव्याने काढलेली रेकॉर्ड) आणली की आधी शेवटचं गाणं ऐका

प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं आधी लावा, कारण रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच मारते पण लेबलकडे जाता जाता एका फेऱ्याची लांबी जवळपास निम्मी होते, तेवढाच आवाज कमी जागेत दाटतो आणि गायकाचे 'स', 'श' तिथेच फाटायला लागतात. फाटले तर लगेच प्रेसिंगला (रेकॉर्डच्या छपाईला) दोष नको, आधी सुई साफ करा, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) नीट सरळ बसलंय का ते बघा. जुन्या प्रतीशी तुलना करताना दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवा हं, नाहीतर मोठी वाजते तीच चांगली वाटते. आणि पियानोचा लांब सूर थरथरत असेल तर टोनआर्मकडे (सुई धरणाऱ्या दांडीकडे) नीट बघा, तो दर फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलत असेल तर रेकॉर्डचं भोक बरोबर मध्यावर नाहीये, सरळ बदलून मागा.