नमपायच्या ॲरेत गहाळ नोंदी कशा शोधाव्यात

फाइल पांडाजने (पायथनमधली तक्ते हाताळणारी लायब्ररी, छोटं नाव पीडी) वाचून झाली आहे आणि पावसाचे आकडे 'पाऊस' नावाच्या ॲरेत, म्हणजे नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी, छोटं नाव एनपी) वापरते त्या आकड्यांच्या रांगेत किंवा तक्त्यात, आहेत असं धरतो.

ॲरे रिकामा आहे का, ते आधी पाऊस.साइझ == 0 ने बघा. लेन (लांबी) नको; (3, 0) आकाराच्या ॲरेची लेन 3 येते आणि आत खडखडाट. ही पायरी गाळलीत, तर रिकाम्या ॲरेवर एनपी.इझनॅन(पाऊस).ऑल() चक्क ट्रू देतं, म्हणजे 'सगळंच गहाळ'.

नॅन, म्हणजे गहाळ आकड्याच्या जागी बसणारी खूण, शोधायला == वापरू नका. 1985च्या आयट्रिपलई 754 या संगणकातल्या दशांश आकड्यांच्या मानकानुसार नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. त्यामुळे सगळीकडे फॉल्स येतं, तेही गुपचूप. 'इन' (यादीत आहे का ते बघणारा शब्द) तर आणखी फसवं: एनपी.नॅन इन [एनपी.नॅन] साध्या लिस्टवर ट्रू, कारण पायथन आधी वस्तू तीच आहे का ते बघतो. नमपायच्या ॲरेवर तेच फॉल्स. सरळ पीडी.इझना(पाऊस).सम() वापरा, गहाळ नोंदी मोजून मिळतात.

मी अडकलो तो याच्या पुढे. पावसाच्या रजिस्टरवरून टाइप केलेली फाइल होती. कोरड्या दिवशी लिहिणाऱ्याने सरकारी सवयीने 'निरंक' लिहिलं होतं. मोजणीच झाली नाही, तो रकाना कोरा. एका शब्दापायी अख्खा कॉलम आकड्यांऐवजी ऑब्जेक्ट (काहीही मावणाऱ्या) प्रकारचा झाला आणि एनपी.इझनॅनने टाइपएरर दिला. यावर जो तो एकच औषध सांगतो: आकड्यांत रूपांतर करणाऱ्या पीडी.टू_न्यूमेरिकला एरर्स='कोअर्स' लावा. मीही लावलं. एरर गेला आणि निरंकही गेलं, नॅन होऊन.

चार दिवस घ्या: 12 मिमी, निरंक, निरंक, कोरा. मोजलेले दिवस तीन, म्हणजे सरासरी 4. कोअर्सनंतर नॅनमीन (नॅन वगळून सरासरी) सांगतं 12. उलट सरसकट फिलना(0) मारणारे, म्हणजे प्रत्येक नॅनच्या जागी 0 भरणारे, काढतात 3, कारण त्यांनी कोरा दिवसही कोरडा धरला. मला हे कळलं ते मे महिन्याची सरासरी जुलैच्या तोडीची दिसल्यावर!

तेव्हा कोअर्स वापरायचंच असेल तर फक्त चाचणीपुरतं. मूळ कॉलममध्ये भरलेल्या, पण रूपांतरानंतर नॅन झालेल्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्यावर युनिक (वेगवेगळ्या नोंदींची यादी) चालवा. कोणकोणते शब्द बळी पडणार ते समोर येतं. त्यातलं 'निरंक' रिप्लेसने 0 करा, कोऱ्याला हात लावू नका, आणि खरं रूपांतर कोअर्सशिवाय करा. अनोळखी शब्द उरला असेल तर एरर येऊ दे. माझ्याकडे आलाच: एका 'निरंक'च्या शेवटी स्पेस होती. आता वाचताना डीटाइप=एसटीआर (सगळं मजकूर म्हणून वाच) देतो आणि आधी स्ट्रिप करतो, म्हणजे कडेच्या स्पेस काढतो.