बाईकची बॅटरी सारखी बसते? आधी मीटर लावा

नवी बॅटरी घ्यायला पळू नका, भाऊ. आमच्या जळगावच्या उन्हात बॅटरीचं पाणी भराभर आटतं, ते आधी बघा. भरायचं तर डिस्टिल्डच. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ हवेत. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटरवर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) संशय घ्या.

रेस दिल्यावर व्होल्ट वाढतच नसतील तर मॅग्नेटकडून (इंजिनमधला वीज तयार करणारा भाग) येणारा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडा. हिरवट पिना, वितळून काळं पडलेलं प्लास्टिक. जुन्या गाडीत दोष मला बहुतेक वेळा इथेच सापडतो. तिथे तीन पिवळ्या वायरी असतील तर कपलर सोडवून, गाडी चालू ठेवून मीटरने एसी व्होल्ट मोजा: कोणत्याही दोनांत सारखेच व्होल्ट हवेत. इंजिन बंद करून मीटर कंटिन्युटीवर (जोड असला की बीप वाजते ती सेटिंग) ठेवा; पिवळी वायर आणि बॉडीत बीप वाजली, तर मॅग्नेटची कॉइल गेली.