हातातलं जीपीएस आणि घरचा कॉम्प्युटर: वाट हरवायची नसेल तर या चुका टाळा

तोरण्याच्या पश्चिमेला कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांपैकी एक वाट मला एका म्हाताऱ्या बाबांनी दाखवली होती. वापर जवळजवळ थांबलेला, दोन्ही बाजूंनी कारवी माजलेली. कड्याच्या तोंडाशी मी सरळ खाली निघाले, तर मागून हाक आली, "ताई, हितनं न्हाई. त्या उंबराच्या अंगानं या." उंबराला वळसा घालून, कातळाच्या पट्टीवरून आधी डावीकडे, मग उजवीकडे, अशी सात-आठ वळणं घेत ती वाट पदरात, म्हणजे कड्याखालच्या सपाटीत, उतरली. जीपीएस सगळा वेळ चालू होतं. खालच्या गावात पोचल्यावर मी ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएसने बिंदू-बिंदूंनी केलेली नोंद, 'सेव्ह' केला, चालू नोंद पुसून टाकली आणि निर्धास्त झाले.

घरी कॉम्प्युटरवर ट्रॅक उघडला तर उंबराजवळची सगळी वळणं गायब. तिथे एक सरळ रेघ होती, थेट कड्यावरून खाली. कोणत्या बिंदूवर किती वाजले होते, तेही पुसलं गेलेलं.

जीपीएस बिघडलं नव्हतं. ते जुन्या पिढीचं होतं, आणि त्या पिढीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये चालू नोंदीत १०,००० बिंदू मावतात, पण ती 'सेव्ह' केली की ५०० बिंदूंत दाबून बसवली जाते आणि प्रत्येक बिंदूची वेळ काढून टाकली जाते. दोन दिवसांची ३० किलोमीटरची चाल ५०० बिंदूंत बसवली तर सरासरी ६० मीटरला एक बिंदू पडतो. उंबराचा वळसा तीस मीटरचाही नव्हता. त्या फाइलवर भरवसा ठेवून कुणी धुक्यात उतरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो. म्हणूनच हे सगळं लिहिते आहे. इतक्या वर्षांत पाहिलं ते असं, की डोंगरावर जीपीएस फारसं दगा देत नाही. माहिती बिघडते ती परत आल्यावर, घरच्या टेबलावर.

पुसण्याआधी मूळ नोंद उतरवून घ्या

गार्मिन कंपनीची ईट्रेक्स २०, ३०, २२एक्स, ३२एक्स किंवा जीपीएसमॅप ६४ यांसारखी मॉडेल्स केबलने जोडली की कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हसारखी दिसतात. त्यात 'गार्मिन' फोल्डर, त्याच्या आत 'जीपीएक्स'. ट्रॅक आणि खुणा ज्या फाइल्समध्ये असतात त्यांच्या प्रकाराचंच हे नाव. बहुतेक जण तिथे समोर दिसतात तेवढ्याच फाइल्स उचलतात. पण आत आणखी दोन फोल्डर असतात: 'करंट' आणि 'आर्काइव्ह'. आत्ताची, अजून न मिटवलेली नोंद 'करंट'मध्ये असते आणि जीपीएसने आपोआप बाजूला ठेवलेल्या जुन्या नोंदी 'आर्काइव्ह'मध्ये. सगळा 'जीपीएक्स' फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्या, मगच पुसापुशी करा. या नव्या मॉडेल्समध्ये सेव्ह केलेल्या ट्रॅकची वेळ टिकते हे खरं, तरी ही सवय सोडू नका.

आणखी एक. उतरवलेल्या फाइलवर लगेच कात्री चालवू नका. एसटीतला प्रवास कापणं, जेवायला बसलो तिथला बिंदूंचा गुंता साफ करणं, दोन तुकडे जोडणं, हे सगळं प्रतीवर करा. माझ्याकडे प्रत्येक ट्रेकच्या फोल्डरमध्ये 'मूळ' आणि 'काम' असे दोन फोल्डर असतात आणि 'मूळ'ला मी कधीच हात लावत नाही. उंबराची वाट पुढच्या हिवाळ्यात बाबांच्या मुलाबरोबर पुन्हा चालले, दर पाच सेकंदांना एक बिंदू अशी नोंद लावून. ती फाइल आता तीन ठिकाणी आहे.

स्क्रीन उजळते, पण कॉम्प्युटरला काही दिसत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा दोष केबलचा निघतो. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्त स्पीकर किंवा टॉर्चबरोबर आलेल्या कितीतरी मिनी-यूएसबी केबलींत माहितीच्या तारा नसतातच. जीपीएसला वीज मिळते, स्क्रीन लागते आणि आपण ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला यंत्र ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, शोधत अर्धी रात्र घालवतो. त्याच केबलने जुना कॅमेरा किंवा कार्ड रीडर जोडून एक फोटो उतरवून पाहा. फोटो उतरला नाही तर ती केबल सरळ फेकून द्या, पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

केबल चांगली असेल तर जीपीएसच्या सेटिंगमध्ये 'इंटरफेस' पाहा. तिथे 'गार्मिन स्पॅनर' निवडलेलं असलं की जोडल्यावर जीपीएस आधी स्क्रीनवर प्रश्न विचारतं. 'नाही' दाबलंत तर ते फक्त वीज घेत राहतं. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टमध्ये लावून पाहा, मधला हब काढून टाका.

सुरुवातीच्या पिवळ्या ईट्रेक्ससारखी सिरीयल पोर्टची, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या जोडणीची, यंत्रं अजूनही काहींकडे जपून ठेवलेली आहेत. त्यांना यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लागतो. विंडोजमध्ये 'कोड १०' अशी चूक आली तर कन्व्हर्टरमधली चिप नकली किंवा फार जुनी असण्याची शक्यता मोठी असते, कारण नवे ड्रायव्हर अशा चिपा नाकारतात. अस्सल चिपचा कन्व्हर्टर घ्या, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा आणि जीपीएसबेबल या मोफत प्रोग्रामने नोंद उतरवा. एका वेळी एकच प्रोग्राम ते पोर्ट वापरू शकतो, म्हणून मागे उघडे राहिलेले नकाशाचे प्रोग्राम आधी बंद करा.

आणि ईट्रेक्सची ही मॉडेल्स कॉम्प्युटरला लावल्याने आतले सेल चार्ज होत नाहीत. रात्रभर जोडून ठेवलं म्हणून सकाळी सेल भरलेले मिळतील या समजुतीवर कुणी ट्रेकला निघू नये.

आकडे बरोबर, जागा भलतीच

अक्षांश लिहायच्या तीन पद्धती आहेत: नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटं, आणि अंश-मिनिटं-सेकंद. गार्मिनवर साधारणपणे मधली पद्धत आधीपासून लावलेली असते, कॉम्प्युटरवरचे नकाशे पहिली पद्धत वापरतात. घोळ इथेच होतो. राजगडावरच्या एखाद्या टाक्याचा अक्षांश जीपीएसवर १८° १४.७६६′ दिसतो. कॉम्प्युटरवर कुणी तो १८.१४७६६ असा भरतो. खरी किंमत १८.२४६१ आहे, कारण मिनिटांना ६० ने भागायचं असतं. फरक पडला जवळपास ११ किलोमीटरचा. आकडा ओळखीचा वाटतो, महाराष्ट्रातच पडतो, म्हणून चूक ध्यानातही येत नाही. ट्रेकच्या आधी जीपीएसचीच पद्धत दशांश अंशांवर आणून ठेवा, सगळ्या गटाची एकच.

अक्षांश आणि रेखांशांची अदलाबदल मात्र लगेच पकडता येते. केएमएल या गूगल अर्थच्या फाइलमध्ये रेखांश आधी लिहितात, आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो. सह्याद्रीतली खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडलेली दिसली, तर समजा आकडे उलटे भरले गेले.

जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे डोंगर-दऱ्या दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरून, बिंदू काढणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणितावर, बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या गणितावर चालतं. जुन्या नकाशावरचे आकडे तसेच जीपीएसमध्ये भरले तर खूण शेकडो फुटांनी सरकते. कड्याच्या काठावर शेकडो फूट म्हणजे वरचं पठार की खालची दरी, एवढा प्रश्न आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची 'ओपन सिरीज' टोपोशीटं डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, शक्यतो तीच वापरा. आणि कुणाच्या सांगण्यावरून जीपीएसमधला 'डेटम', म्हणजे यातलं कुठलं गणित वापरायचं ती सेटिंग, बदलला असेल, तर काम झाल्यावर आठवणीने परत डब्ल्यूजीएस ८४ करा. तसाच राहिलेला डेटम पुढच्या सगळ्या खुणांची वाट लावतो.

साडेपाच तासांचा घोळ

जीपीएक्स फाइलमधली वेळ भारतीय नसते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. रविवारी पहाटे दोनला चढाई सुरू केली तर फाइलमध्ये शनिवार रात्रीचे साडेआठ लिहिलेले असतात. तारीखच चुकली म्हणून लोक ट्रॅक टाकून देतात. नोंद अगदी बरोबर असते, फक्त साडेपाच तास मिळवून वाचायची असते.

हाच फरक फोटोंवर जागा चिकटवताना नडतो. प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे हे सांगितलं नाही तर दिवसभरातले बहुतेक फोटो ट्रॅकच्या बाहेर पडतात. शिवाय कॅमेऱ्याचं घड्याळ दोन-चार मिनिटं मागेपुढे असतंच. यावर माझा उपाय साधा आहे. चालायला लागण्याआधी जीपीएसवर सेकंदांसकट घड्याळ उघडते आणि कॅमेऱ्याने त्याचाच एक फोटो काढते. घरी तो फोटो पाहिला की कॅमेरा किती सेकंद पुढे आहे ते कळतं आणि सगळ्या फोटोंना तेवढीच दुरुस्ती लागते.

जुन्या यंत्रावर तारीख पार वीस वर्षांपूर्वीची दिसत असेल तर घाबरू नका. उपग्रहांच्या जुन्या संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते. तसं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा झालं. जागा बरोबरच असते, तारीख तेवढी चुकते. नवं फर्मवेअर, म्हणजे जीपीएसच्या आतला मूळ प्रोग्राम, मिळत असेल तर घाला, आणि त्याआधी नवे सेल टाका, कारण मध्येच सेल संपले तर जीपीएस कायमचं बंद पडू शकतं. फर्मवेअर नसेल तर जीपीएसबेबलमध्ये ट्रॅकच्या वेळा ७१६८ दिवसांनी पुढे सरकवता येतात.

कॉम्प्युटरवरून जीपीएसमध्ये पाठवताना

'रूट' आणि 'ट्रॅक' यांत गल्लत करू नका. ट्रॅक म्हणजे बिंदूंची पक्की माळ. रूट म्हणजे मोजके टप्पे, मधलं अंतर जीपीएस स्वतः जोडतं. जीपीएस गाडीच्या रस्त्यांवर लावलेलं असेल तर पायथ्याच्या वैशाखरे गावाहून नाणेघाट चढायच्या रूटला ते माळशेजचा घाटरस्ता दाखवायला लागतं. घाटवाटेसाठी नेहमी ट्रॅक पाठवा. रूटच पाठवायचा असेल तर आधी 'डायरेक्ट रूटिंग' लावा.

दुसऱ्याने दिलेला ट्रॅक किती बिंदूंचा आहे तेही पाहा. मोबाइलवर दर सेकंदाला नोंदलेले ट्रॅक २०-२५ हजार बिंदूंचे सहज होतात. जीपीएसची मर्यादा १०,००० असेल तर पुढचा भाग मुकाट्याने गळतो, आणि हे कळतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, जिथे रेघ संपते तिथे. कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे करा, 'दिवस १', 'दिवस २'. बिंदू विरळ करू नका. विरळ करण्याचं नुकसान मी भोगलं आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरून तयार केलेले मोफत नकाशे सुंदर आहेत, मी तेच वापरते. पण जुनी मॉडेल्स कार्डावर एकाच नावाची नकाशाची फाइल वाचतात, म्हणून नवा नकाशा पाठवला की जुना पुसला जातो. हवे ते सगळे भाग एकदमच पाठवा. आणि त्यावरच्या समोच्च रेषांवर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर, जीव टाकू नका. त्या बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीतून येतात, जिथे दर ३० मीटरला एक उंची आहे. उभा कातळ त्या रेषांत फक्त तीव्र उतारासारखा दिसतो.

खुणांची नावं त्याच संध्याकाळी भरा. ००१, ००२ असं ठेवलं तर महिन्याभराने कुठलं पाण्याचं टाकं आणि कुठली चोरवाट ते आठवत नाही. देवनागरी अक्षरं बऱ्याच जीपीएसवर चौकोन होऊन दिसतात, म्हणून यंत्रात छोटी रोमन नावं ठेवा आणि मराठी नावं, गावकऱ्यांनी सांगितलेली, घरच्या फाइलमध्ये लिहा. नाळेची, दांडाची, सड्याची ही नावं कुठल्याच नकाशावर नाहीत.

जीपीएस सुरूच होत नाही

काम झाल्यावर 'इजेक्ट' न करता केबल ओढली की अर्धी लिहिलेली फाइल आत राहते. पुढच्या वेळी जीपीएस सुरू होताना ट्रॅक आणि वेपॉइंट (खुणा) वाचत-वाचत तिथेच अडकतं. मॅकवाल्यांची आणखी एक अडचण आहे. मॅक प्रत्येक फाइलबरोबर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स टाकतो आणि पुसलेलं सगळं जीपीएसवरच्या लपलेल्या कचरापेटीत ठेवतो, त्यामुळे जागाही मोकळी होत नाही. जीपीएस जोडलेलं असतानाच 'ट्रॅश' रिकामी करा.

अडकलेल्या ईट्रेक्स २० किंवा ३० ला सोडवायचा मार्ग असा. सेल काढा. छोटी जॉयस्टिक वरच्या दिशेला दाबून धरा आणि तशीच धरून केबल कॉम्प्युटरला लावा. अर्धा मिनिट किंवा थोडं जास्तच लागतं, बोट दुखलं तरी सोडू नका. ड्राइव्ह दिसली की 'जीपीएक्स' फोल्डर आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग जीपीएसवरच्या जीपीएक्स फाइल्स पुसा, 'करंट'मधलीसुद्धा. इजेक्ट करा, सेल घाला, सुरू करा. चालू झालं की फाइल्स एकेक करून परत टाका आणि दर वेळी बंद-चालू करून पाहा. ज्या फाइलनंतर पुन्हा अडकेल ती दोषी. ती कॉम्प्युटरवर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की बहुतेक वेळा शेवटची ओळ मध्येच तुटलेली दिसते. तेवढा अर्धवट बिंदू काढून शेवटचे टॅग नीट बंद केले तर आधीचा सगळा ट्रॅक शाबूत मिळतो.