भावंडे दूर गेल्यावर घरच्या आठवणी कशा जपाव्यात

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमच्या घरातले लाकडी कपाट खालच्या तीन फळ्यांपर्यंत बुडाले. सर्वांत खालच्या फळीवर अल्बम होते. आईला शेजाऱ्यांनी वेळीच माडीवर नेले होते, त्यामुळे मोठी चिंता मिटली होती. ताई पुण्याहून आणि मी ठाण्याहून चौथ्या दिवशी घरी पोहोचलो, धाकटा भाऊ आखातात नोकरीला असल्यामुळे तो फोनवरूनच सारे पाहत होता. चिखल उपसताना जे अल्बम हाती लागले, त्यांतले काही मधल्या काळात वाळून विटेसारखे झाले होते आणि त्यांतला एकही फोटो सुटा झाला नाही. जे अजून ओले होते, ते मात्र बरेचसे वाचले. त्या आठवड्यात आणि पुढच्या चार वर्षांत आम्ही तिघे जे शिकलो, ते इतर भावंडांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

आधी ओल्या फोटोंविषयी, कारण कोकणात हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. स्टुडिओत धुतलेले जुने फोटो एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत वाळू देऊ नयेत. परातीत स्वच्छ थंड पाणी घेऊन त्यात ते बुडवावेत, सुटतील तसे हलक्या हाताने अलग करावेत, चित्राच्या बाजूवर बोट घासू नये आणि चित्राची बाजू वर ठेवून सुती कापडावर सावलीत वाळवावेत. दोन दिवसांत हे काम होण्यासारखे नसेल, तर मध्ये प्लास्टिकचा कागद घालून फोटो फ्रीजरमध्ये ठेवता येतात आणि सवडीने सोडवता येतात. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोंना मात्र पाण्यात घालू नये, त्यांची शाई पसरते.

फोटो वाळत घातलेले असताना एक गोष्ट लक्षात आली आणि माझ्या मते या सगळ्याचे मूळ तीच आहे. १९८७ सालच्या एका फोटोत आम्ही तिघे ओटीवर बसलो आहोत, ताईच्या फ्रॉकचे वरचे बटण तुटलेले आहे आणि आमच्यामागे नऊवारीतल्या एक वृद्ध बाई उभ्या आहेत. त्या कोण, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता येईना. आईने फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "अरे, या वरच्या वाडीतल्या काकू. आपली विहीर आटली त्या उन्हाळ्यात दोन महिने यांच्या विहिरीचं पाणी प्यायलोय आपण." फोटो वाचला होता, पण आई नसती तर त्या बाई कोण हे कोणालाच कळले नसते. म्हणून भावंडांनी फोटो जपण्याआधी ते एकत्र बसून वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

या बैठकीसाठी एक पूर्ण दुपार राखून ठेवावी आणि पहिल्यांदा शक्यतो फक्त सख्खी भावंडे व आईवडील असावेत. यात वहिनी, जावई किंवा मुले यांना दूर ठेवण्याचा हेतू नाही. परंतु त्यांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसलो की आपण आपापसांत बोलायचे राहून जाते. त्यांना दुसऱ्या दिवशी आवर्जून बोलवावे. एकाने फोटो काढून द्यावा, दुसऱ्याने मागे मऊ पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई फुटते, म्हणून पेन्सिलच बरी. नाव लिहिताना 'मामी' किंवा 'आजी' एवढेच लिहू नये, कारण आपली मामी ही आपल्या मुलांची मामी नसते. पूर्ण नाव, नाते कोणाकडून, गाव आणि अंदाजे साल लिहावे. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो त्यातून बाहेर काढावेत, कारण त्या पानांवरचा गोंद वर्षांनुवर्षे फोटो पिवळे पाडत राहतो. फोटो सुटत नसेल तर दात साफ करायचा दोरा त्याच्यामागून सावकाश फिरवावा. त्यानंतर फोटो किमान ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावेत, म्हणजे पुढे मोठे छापता येतात, आणि प्रत्येक भावंडाकडे पूर्ण संच ठेवावा. आमच्याकडे आता चिपळूण, पुणे आणि ठाणे अशा तीन ठिकाणी प्रती आहेत. एकाच घरात तीन प्रती ठेवल्या, तर पुढचा पूर तिन्ही नेईल.

या बैठकीत भावंडांचे मतभेद होतील आणि ते व्हावेत. बाबांच्या सायकलीची गोष्ट सांगतो. ती सायकल चोरीला गेली, असे मी तीसेक वर्षे मानत आलो होतो. तिचा फोटो हातात आल्यावर ताई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "चोरीला नव्हती गेली. माझ्या हॉस्टेलच्या पैशासाठी विकली. बाबांनी तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं होतं." धाकट्याला यांतले काहीच ठाऊक नव्हते, त्याला फक्त एवढेच आठवत होते की एका पावसाळ्यापासून बाबा एसटी स्टँडपर्यंत पायी जाऊ लागले. तिघांच्या तीन तुकड्यांतून आम्हाला आमचे वडील त्या दिवशी नव्याने कळले. तेव्हा कोणाची आठवण खरी, याचा निवाडा करू नये. दोन आठवणी जुळत नसतील, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात आणि कोणती कोणाची तेही नोंदवावे.

आई, आत्या, काका यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. "तुझ्या आयुष्याविषयी सांग" असे विचारले की वडीलधारी माणसे अवघडतात आणि दोन वाक्यांत आटोपतात. त्याऐवजी "लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात या घरात गळती कुठे होती?" असे नेमके विचारावे. हाताला काम असेल तर बोलणे अधिक मोकळे होते. आई घावने घालता घालता जे बोलली, ते खुर्चीवर बसवून कधीच बोलली नसती. पाऊण तासाहून अधिक लांबवू नये, आणि फाइलला तारीख, माणूस व विषय असे नाव त्याच दिवशी द्यावे.

मागच्या आठवणी जपल्या, तरी पुढच्या निर्माण व्हायला भेटी लागतात. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांनी नाते तुटत नाही, पण त्यांच्यावर ते जगतही नाही. आम्ही वर्षातले दोन प्रसंग पक्के ठरवले आहेत: घरचा गणपती आणि भाऊबीज. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जायचे असते. यम यमुनेकडे जेवायला गेला, म्हणूनच त्या दिवसाला यमद्वितीया म्हणतात. अलीकडे सोयीसाठी बहिणीलाच माहेरी बोलावण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. बहिणीच्या घरी गेल्यावर तिचा संसार, तिचे स्वयंपाकघर, तिची दुखणी डोळ्यांना दिसतात, आणि माहेरी आलेली बहीण यांतले काही दाखवत नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. तारीख मोजून ठेवण्याचे काम एकाच भावंडाकडे सोपवावे; आमच्याकडे ते धाकट्याकडे आहे आणि परदेशात बसून तो ते चोख करतो.

आता अवघड विषय. भावंडांत बहुतेक वेळा दुरावा येतो तो घरामुळे, जमिनीमुळे किंवा आईवडिलांच्या शुश्रूषेमुळे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने विवाहित-अविवाहित असा भेद न ठेवता मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. हे सर्वांना ठाऊक असताना तेराव्याच्या गर्दीत बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवू नये. तिला हक्क सोडायचा असेल तर ती सवडीने, वाचून, स्वतःच्या वकिलाला विचारून सोडील. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाल्यावर ते सहजी मागे घेता येत नाही. आईच्या औषधपाण्याचा खर्च आणि रात्रीची जागरणे यांची वाटणीही अशीच स्पष्ट बोलून, कागदावर लिहून करावी. जो जवळ राहतो, त्याच्या श्रमाची किंमत पैसे पाठवणाऱ्यांनी इतरांसमक्ष बोलून दाखवावी.

ज्यांचे बोलणे आधीच थांबले आहे, त्यांनी समेटाची बैठक बोलावू नये. तिथे जुना हिशेबच उघडला जातो. त्यापेक्षा लहानपणीचा एक फोटो भावाला किंवा बहिणीला पाठवावा आणि खाली एवढेच लिहावे, "हा कुठला, तुला आठवतं का?" भांडणाचा उल्लेख करू नये, क्षमाही मागू नये, उत्तराची घाई करू नये. उत्तर एका ओळीचे आले, तर आपणही एकच ओळ लिहावी. आलेच नाही, तर भाऊबीजेच्या सुमारास दुसरा फोटो पाठवावा.