जिवाणूंच्या वाढीचा आलेख कसा काढावा

साताऱ्याकडच्या थंडीत दही लागत नाही म्हणून घरोघरी विरजण दुपटीने घातले जाते, पण हिशेब केला तर या उपायाचा लाभ फारच थोडा असतो. जिवाणू दुभंगून एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. त्यामुळे विरजण दुप्पट केल्याने केवळ एका दुपटीचा वेळ वाचतो. थंडीने मात्र प्रत्येकच दुपटीला लागणारा वेळ लांबतो, म्हणून पातेले पिठाच्या डब्यात उबेला ठेवणे हाच खरा इलाज.

दुपटीचा हा वेळ प्रयोगशाळेत मोजण्यासाठी ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचा निरुपद्रवी वाण घ्यावा. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली निर्जंतुक न्यूट्रिएंट ब्रॉथ (जिवाणूंचे पातळ खाद्य) ३७ अंश सेल्सिअसला आणून त्यात रात्रभर वाढवलेले १ मिली कल्चर (जिवाणू वाढलेला ब्रॉथ) घालावे, फ्लास्क शेकरवर, म्हणजे सतत हलवणाऱ्या यंत्रावर, ठेवावा आणि दर २० मिनिटांनी थोडा नमुना काढून ६०० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या प्रकाशात कलरीमीटर या यंत्राने गढूळपणा मोजावा. कलरीमीटरचे शून्य कोऱ्या ब्रॉथवरच लावावे. वाचन ०.४ च्या वर गेले की नमुना कोऱ्या ब्रॉथने पातळ करून, आलेल्या आकड्याला तितक्या पटीने गुणावे. हे टाळले तर वाढ खऱ्यापेक्षा कमी दिसते.

आलेख सेमीलॉग कागदावरच काढावा; त्याच्या उभ्या अक्षावर प्रत्येक दुपटीला सारखेच अंतर असते. साध्या कागदावर नुसती उभी चढण दिसते. सेमीलॉगवर मात्र सुरुवातीचा सपाट भाग, म्हणजे जिवाणू नव्या ब्रॉथला सरावण्याचा काळ, मग सरळ चढती रेषा आणि अन्न संपून टाकाऊ द्रव्ये साचल्यावर येणारे पठार असे तिन्ही भाग वेगळे उमटतात. दुपटीचा वेळ सरळ रेषेवरूनच काढावा: ६० व्या मिनिटाला ०.१० आणि १२० व्या मिनिटाला ०.४० असे वाचन असेल, तर दोन दुपटी झाल्या, म्हणजे प्रत्येकीला ३० मिनिटे लागली. सांगलीत शिकत असताना ऐन या टप्प्यात वीज गेली, शेकर अर्धा तास थांबला आणि माझ्या रेषेला मध्येच बाक आला; म्हणून अशा खंडाची वेळ वहीत तत्काळ टिपावी.

गढूळपणात मेलेले जिवाणूही मोजले जातात, त्यामुळे पठारानंतरची घसरण या पद्धतीने नीट कळत नाही. त्यासाठी १ मिली नमुना ९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये घालत पायरीपायरीने पातळ करावा आणि ०.१ मिली आगर प्लेटवर, म्हणजे घट्ट खाद्याच्या बशीवर, पसरावा. ३० ते ३०० वसाहती (एकेका जिवंत जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आलेली प्लेटच मोजणीस धरावी. एक लाख पट पातळ केलेल्या नमुन्यातून ६४ वसाहती आल्या, तर (६४ × १० × १ लाख) मूळ कल्चरमध्ये दर मिलीत ६.४ कोटी जिवंत जिवाणू होते.

सवड असल्यास दुसरा फ्लास्क २५ अंशांवर ठेवावा. त्याची रेषा कमी चढणीची येईल. शेवटी दोन्ही फ्लास्क आणि प्लेट १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच, टाकाव्यात.